लाल झालेली निब

१

बरणी रिकामी होती.

सी अल्लालनी ती दोन्ही हातांनी उजेडात धरली, उलटी केली, तळाचा ओलसर कापूस बोटाने चाचपला आणि आमच्याकडे वळून पाहिलं. माझ्या तोंडात चहाचा घोट होता, तो गिळायचंही मला सुचेना. त्या माणसाचा चेहरा मी तीस वर्षं पाहत आलोय, पण असा पांढराफटक कधीच पाहिला नव्हता.

"खडा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

शुक्रवारची दुपार, कुसकुसचं, म्हणजे वाफवलेल्या रव्याचं, जेवण नुकतंच आटोपलेलं, चहाची दुसरी फेरी चाललेली. दुसऱ्या दिवशी राजधानीतून, राबातहून, संग्रहालयाच्या बाई यायच्या होत्या. सी अल्लाल आपले सगळे दगड सरकारी संग्रहालयाला देणार होते, फुकट. बाई एकेक दगड तपासून नोंद करणार होत्या. आणि त्या एकशे चाळीस दगडांत ज्याच्यासाठी बाई मुद्दाम येत होत्या, तो निळा खडाच नाहीसा झाला होता.

मी हद्दू. मिदेल्तच्या जुन्या बाजारात माझं पेनं आणि घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे. घड्याळांवर पोट चालतं, पेनांवर जीव आहे. आमच्या गावात दगड विकणारे ढिगाने आहेत. रस्त्यात मोटार थांबली रे थांबली की दहाजण लाल स्फटिकांच्या पेट्या घेऊन धावतात. पण जपणारे एकटे अल्लाल; मानाचं 'सी' सारं गाव त्यांच्या नावाआधी लावतं. उभा जन्म त्यांनी अदूल, म्हणजे दस्तलेखक, म्हणून काढला. अर्ध्या गावाच्या लग्नाचे आणि वाटणीचे कागद त्यांच्या हातचे आहेत. लिहिता लिहिता पेनांचा नाद लागला, त्यामागून दगडांचा. नवा दगड आला की हा माणूस तीन दिवस हवेत असायचा. मऊ ब्रशाने धूळ झाडायची, भिंगातून पाहायचं, मला दुकानातून ओढून आणायचं. "हद्दू, हा कोन बघ. कोणी घासलाय का हा? जमिनीच्या पोटात आपोआप झालाय." आणि कुठलं पेन शाई नीट ओढायला लागलं की एकच ओळ दहादा लिहून कागद हुंगायचे. मी हसायचो, पण घरी जाऊन मीही तेच करायचो.

त्या दिवशी जेवायला आम्ही चौघं पुरुष होतो. सी अल्लाल, मी, त्यांचा जावई जिलाली आणि बास्सू. जिलाली मेकनेसचा, मोटारींचे सुटे भाग विकतो, आणि बोलतोही भोंग्यासारखा. बास्सू म्हणजे सी अल्लालचा जुना दोस्त. शिशाच्या खाणीत छातीचं खोकं करून घेतलेला म्हातारा. निळा खडा त्यानेच एकतीस वर्षांपूर्वी खाणीतून आणून दिला होता. चहा नेहमी तोच करायचा, कारण दुसऱ्या कोणाचा चहा त्याला पाणचट लागायचा. पाचवी तुदा, सी अल्लालची विधवा सून. नवरा घाटात ट्रकखाली गेला त्याला आठ वर्षं झाली. पोरबाळ नाही. तेव्हापासून म्हाताऱ्याचं औषधपाणी, घर, सगळं तिच्याच गळ्यात.

"जेवायच्या आधी तर होता," मी म्हणालो. "मला दाखवलात की तुम्ही."

"तेच तर. आणि दाराला आतून अडसर आहे," जिलाली म्हणाला. वारा सुटला होता म्हणून अडसर त्यानेच घातला होता, आणि तो अजून तसाच होता. "म्हणजे घरातून कोणी बाहेर गेलेलं नाही. खडा घरातच आहे. चला, खिसे उलटे करा."

आम्ही केले. अंग चाचपत त्याने माझे मोजेसुद्धा पाहिले. बास्सू झग्याच्या बाहीत खोकत उभा राहिला, त्याच्याही खिशातून तंबाखूच्या पुडीशिवाय काही निघालं नाही. मग कुसकुसचं भांडं, रव्याचा डबा, गाद्या, अंगणातली फुलझाडांची माती. अक्रोडाएवढा निळाशार खडा, लपून लपून लपणार कुठे? पण तासभर शोधूनही सापडला नाही.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" जिलालीने विचारलं. त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं.

तुदाने कमरेचा जुडगा हातात धरला. "माझ्याकडे. पण जेवणाच्या वेळी माझ्याकडे नव्हती. माझे हात रव्यात होते, मी बाबांना म्हटलं कुलपातच राहू द्या."

"मला असं काही आठवत नाही," सी अल्लाल हळूच म्हणाले.

"आणि गेल्या आठवड्यात कोण म्हणालं होतं, दगडांना मखमल आणि माझ्या खोलीचं छप्पर गळतंय?" जिलाली म्हणाला. "तुझा भाऊ रीशला आहे ना? सहाची बस आहे. पेटी भर. खडा कुठे ठेवलायस ते आठवलं तर पेटी परत सोडू."

तुदाने सासऱ्याकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. सी अल्लाल रिकाम्या बरणीकडे बघत बसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तुदा आत गेली आणि थोड्या वेळाने तिच्या खोलीतून पेटीची कडी वाजली.

खरं सांगतो, मला तिथे थांबवेना. मी पेनं साफ करायची माझी हत्यारं आवरायला लिहिण्याच्या खोलीत गेलो, जिथे दगडांचं कपाटही आहे. टेबलावर माझ्या ग्लासात, शाईने निळ्या झालेल्या पाण्यात, सी अल्लालचं सगळ्यात जुनं पेन मी जेवल्यावर निब बुडवून ठेवलं होतं. युद्धाच्या काळातलं, साध्या पोलादी निबेचं पेन. सोनं मिळत नव्हतं तेव्हाचं. मी ते बाहेर काढलं आणि फडक्याने पुसायला घेतलं.

निब लाल झाली होती.

२

"लाल म्हणजे कसली लाल?" माझी बहीण इत्तो म्हणाली.

मी पेन फडक्यात गुंडाळून चोरासारखा घरी आणलं होतं. सी अल्लालनी पहिल्या कमाईतून घेतलेलं पेन, आणि ते माझ्या हातून बिघडलं. आधीच त्या घरात तो गोंधळ, त्यात हे कोणत्या तोंडाने सांगू?

"ताई, गंजली असणार. साधं पोलाद आहे, पुसायला उशीर झाला."

"तास-दीड तासात गंजली? हद्द्या, चाळीस वर्षं निबा घासतोयस की नुसता घास गिळतोयस?"

इत्तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. खाणीच्या प्रयोगशाळेत तिने बावीस वर्षं बाटल्या धुतल्या. खाण बंद पडली, साहेब लोक गेले, पण त्यांची हत्यारं कशी वापरायची हे तिच्या डोक्यात राहिलं. तिने शिवणाच्या डब्यातली सुई घेतली, निब खिडकीशी नेली आणि हलकेच ओरखडा काढला. लाल पापुद्र्याखालून पांढरं पोलाद चमकलं.

"गंज भुगा होऊन पडतो. हा चमकतोय," ती म्हणाली. मग गप्प झाली. इत्तो गप्प झाली की मला धडकी भरते.

"काय आहे?"

"तांबं आहे. ग्लासातलं पाणी टाकलंस?"

"नाही, तसंच आहे टेबलावर."

"पाणी कोणी फेकलं नसलं म्हणजे मिळवलं. चप्पल घाल आणि पळ." ती स्वतः तोवर दारात पोचली होती. "आणि वाटेत मला दुपारचं सगळं सांग. काहीही गाळू नकोस. तुला लाज वाटते तेसुद्धा."

तिने हे शेवटचं कसं ओळखलं देव जाणे. कारण एक गोष्ट मी खरोखरच गाळली होती.

३

आम्ही पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. तुदाची पेटी अंगणात दाराशी आली होती. तिच्यावर दोरी बांधलेली, दोरीच्या गाठीत चपलांचा जोड खोचलेला. बास्सू शेगडीजवळ बसून चहा ओतत होता. जिलालीने इत्तोला पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तरी मानाचं 'लल्ला' म्हणायला चुकला नाही.

"लल्ला इत्तो, हा आमच्या घरातला मामला आहे."

"घरातला आहे म्हणूनच सोपा आहे. पोलिसांना बोलावलंस का?"

"अजून नाही."

"मग मी आहे. सांग, जेवताना तू उठला होतास?"

"एकदाच. बायकोला फोन केला. फोन बाहेरच्या खोलीत आहे, सगळ्यांना माझा आवाज ऐकू येत होता."

"तो तर पलीकडच्या गल्लीतही ऐकू जात असेल. हे दगड विकावेत असं तुला वाटत होतं ना?"

"वाटत होतं. अजून वाटतं," जिलाली तडकून म्हणाला. "एक जर्मन पूर्ण कपाट घ्यायला तयार होता. सासऱ्यांनी ऐकलं नाही. पण म्हणून मी एक खडा चोरेन? तो जर्मनही त्या खड्यासाठीच येणार होता. तोच गेला तर उरलेल्यांना कोण विचारतो?"

इत्तोने मान डोलावली. मलाही ते पटलं, आणि त्या माणसाचं काही पटलं याचाच राग आला.

मग ती सी अल्लालजवळ बसली. "सी अल्लाल, खडा तुम्ही कसा जपायचात?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर क्षणभर रंग आला. "झाकण घट्ट. आत थोडा ओलावा. आपली हवा कोरडी, उघडा राहिला की वरून पांढरट पडतो. आणि ओल्या हाताने शिवायचं नाही. बास्सूने पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

"आणि किल्ली?"

"मला वाटतं मी तुदाला दिली. बहुतेक."

इत्तो माझ्याकडे पाहत होती. वाटेत मी तिला सांगितलं होतं, आणि आता ती मला तेच सगळ्यांसमोर बोलायला लावणार होती.

"किल्ली कुलपातच होती," मी म्हणालो. "तुदा स्वयंपाकघरातून म्हणाली होती, राहू द्या बाबा, हात भरलेत म्हणून. मी ऐकलं."

"मग मघाशी का नाही बोललास?" जिलाली ओरडला.

"कारण जेवल्यावर पेन भिजवायला कपाटाच्या खोलीत मी गेलो होतो. कपाट उघडं होतं म्हटलं असतं तर सगळे माझ्याकडे वळले असते."

तुदा खोलीच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती लग्न होऊन आली तेव्हापासून अकरा वर्षं मी हिच्या हातचं जेवलो, पण एकही घास मला तेव्हा आठवला नाही. माझी मलाच किळस आली.

"तुदा," इत्तो म्हणाली, "जेवणाच्या वेळेत काही वेगळं दिसलं? कितीही फालतू असो."

"काय दिसणार? मी आतबाहेर करत होते." तिने जरा विचार केला. "शेगडीत एकदा जाळ हिरवा झाला. कोळशातून हिरवी ज्योत आली आणि गेली. मला वाटलं कोणी प्लास्टिक टाकलं."

"वास आला प्लास्टिकचा?"

"नाही. कापूस जळाल्यासारखा आला."

इत्तो माझ्याकडे वळली. "हद्द्या, तू पेन बुडवलंस तेव्हा ग्लास कसा होता?"

"कसा म्हणजे? जेवायच्या आधी मी त्यात दोन पेनं धुतली होती, पाणी निळं होतंच. पण अर्धा ग्लास होता, नंतर काठोकाठ भरलेला होता. आणि..." मला आठवलं. "गरम होता. मला वाटलं तुदाने मुद्दाम कोमट पाणी घातलं. कोमट पाण्यात वाळलेली शाई चटकन सुटते."

"मी तुमच्या ग्लासाला हात लावला नाही," तुदा म्हणाली.

"माहीत आहे," इत्तो म्हणाली. "मला एक लोखंडी खिळा द्या. नवा, चकचकीत."

४

खिळा जिलालीच्या मोटारीतून आला. इत्तोने लिहिण्याच्या खोलीतून ग्लास उचलून आणला आणि अंगणात, सगळ्यांसमोर, चहाच्या ताटावर ठेवला. बास्सूने ताटातले पेले घाईघाईने बाजूला घेतले. तिने खिळा दोऱ्याला बांधून निळ्या पाण्यात सोडला. बाहेर वारा पत्र्यांवर आपटत होता.

थोड्या वेळाने तिने दोरा ओढला. खिळा वरून राखाडी होता. पाण्यात होता तितका लाल झाला होता.

"शाईने लोखंड असं लाल होत नाही," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत कोणाचा चिमटा मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, पाण्यात पडला की असाच निघायचा आणि शिव्या मला बसायच्या. या पाण्यात मोरचूद आहे. भरपूर आहे. सी अल्लाल, तुमचा निळा खडा म्हणजे मोरचुदाचाच स्फटिक होता ना?"

सी अल्लालनी मान डोलावली.

"तुमचा खडा घराबाहेर गेला नाही. कोणी लपवलाही नाही. तो या ग्लासात आहे."

मी आयुष्यात बरंच काही पाहिलंय. खाण कोसळलेलीही पाहिली. पण त्या ग्लासाकडे बघून मला जसं वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं. अख्खी दुपार आम्ही मातीसुद्धा उकरली, आणि तो माझ्या पेनाखाली विरघळत होता. मीच त्यात निब बुडवून ठेवली होती. सी अल्लाल पुढे झाले आणि त्यांनी ग्लासाला नुसता हात लावला. मग लगेच काढून घेतला.

"चोर पाण्यात कशाला टाकेल?" जिलालीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"नाहीच टाकणार. हा चोराचा उद्योग नाही," इत्तो म्हणाली. "चोराला खडा हवा असतो. ह्याला खडा नको होता. उद्याच्या आत नाहीसा व्हायला हवा होता. उद्या कोण येतंय?"

"संग्रहालयाच्या बाई."

"ज्यांना दगडातलं कळतं त्या बाई. म्हणजे तो खडा त्यांच्या नजरेला पडू नये असं कोणाला तरी वाटत होतं. जिलालीला तो विकायचा होता, तो कशाला विरघळवेल? तुदाला तो पाण्यात विरघळतो हे कुठून कळणार, तिला तर कपाटाची धूळही पुसू देत नव्हतात. हद्द्याला पेनाशिवाय काही कळत नाही. त्याने केलं असतं तर मला पेन आणून दाखवलं नसतं."

हे कौतुक की पाणउतारा, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

"इतका मोठा खडा गार पाण्यात अर्ध्या तासात विरघळत नाही. आधी चेचायला हवा, वर उकळतं पाणी हवं. जेवणात उकळत्या पाण्याची किटली घेऊन या घरात कोण फिरतं? आणि चेचायचा कशात? रुमालात. रुमालाला निळी पूड लागली, तो खिशात ठेवता येईना. कोळशात टाकला. मोरचूद जळताना ज्योत हिरवी होते." इत्तोने शेगडीपलीकडे पाहिलं. तिचा आवाज मऊ झाला होता, आणि तेच ऐकवेना. "दादा, तुमच्या छातीचं मला माहीत आहे. तीस वर्षांत रुमालाशिवाय तुम्हाला कोणी पाहिलेलं नाही. आज दुपारभर बाहीत खोकताय."

बास्सूच्या हातातला पेला ताटात पडला. फुटला नाही. लवंडून चहा सगळ्या ताटभर पसरला.

५

"मी बनवला होता," बास्सू म्हणाला.

सी अल्लालना कळलं नाही. "काय बनवलंस?"

"खडा. खाणीतून नाही आणला. घरात बनवला. कारखान्यात खनिज धुवायला निळी पूड यायची ना, तिचं दाट पाणी करून बरणीत दोरा सोडला. तीन महिने रोज बघायचो. वाढत गेला." तो खोकायला लागला, थांबला, पुन्हा बोलू लागला. "तू माझ्या बहिणीच्या वाटणीचा कागद लिहिलास, तिचं शेत वाचवलंस, एक पैसा घेतला नाहीस. माझ्याकडे द्यायला काय होतं? म्हटलं, गंमत म्हणून देऊ, मग सांगू. तू तो हातात घेतलास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, अल्लाल. म्हणालास, जमिनीच्या पोटात असं काही होतं हे मला माहीतच नव्हतं. तिथे मी कसा सांगू?"

"एकतीस वर्षं," सी अल्लाल म्हणाले.

"दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. दुसऱ्या दिवशी तू दुसरा दगड घेऊन आलास. मग तिसरा. मग कपाट केलंस."

दारातून आत, त्या उघड्या कपाटाकडे मी पाहिलं. लाल षटकोनी स्फटिक, निळे, हिरवे, शिशाचे चौकोनी, प्रत्येकाखाली सी अल्लालच्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी. एकशे एकोणचाळीस खरे दगड, आणि त्यांची सुरुवात एका बरणीतल्या दोऱ्यापासून.

"उद्या ती बाई पहिल्या नजरेत ओळखणार," बास्सू म्हणाला. "असे टपोरे खडे जमिनीत होत नाहीत. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर तुझं हसं झालं असतं. आणि चिठ्ठीवर माझं नाव आहे."

"पूड मी दिली होती," इत्तो म्हणाली.

मी बहिणीकडे बघतच राहिलो.

"प्रयोगशाळेतून. सफरचंदांच्या झाडांना मारायची आहे म्हणाले होते. हद्द्याने निब दाखवली तेव्हाच माझ्या डोक्यात आलं की यांच्याकडे एकही झाड नव्हतं." ती बास्सूकडे वळली नाही. "म्हणून मीच आले. दुसऱ्या कोणी येऊन सांगितलं असतं तर मला सहन झालं नसतं."

बास्सू गुडघ्यांवर सरकत सी अल्लालजवळ गेला आणि त्याने त्यांच्या खांद्याला हात लावला. "मला माफ कर. तुझा खडा..."

"खड्याचं जाऊ दे," सी अल्लाल म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "खोटा तर खोटा. तू तीन महिने माझ्यासाठी बरणीकडे बघत बसलास, तेही काही कमी नाही. मला एवढंच सांग. तुदाची पेटी दाराशी आली, तेव्हा तू काय करत होतास?"

बास्सूने खाली पाहिलं.

"सांग."

"चहा ओतत होतो."

सी अल्लालनी त्याचा हात खांद्यावरून काढला. झटकला नाही, उचलून बाजूला ठेवला. बास्सू तिथेच बसून राहिला. जिलाली काहीतरी पुटपुटत पेटीची दोरी सोडायला वाकला. त्याच्या परीने तो माफी मागत असावा.

"राहू दे," तुदा म्हणाली.

ती पुढे आली. "बास्सूकाकांनी काय केलं ते कळलं. हद्दूकाका का गप्प बसले तेही कळलं. तुम्ही का गप्प बसलात, बाबा?"

"मला वाटलं... किल्ली..." सी अल्लाल अडखळले. कागदात एक शब्द खोडावा लागला तर आठवडाभर बेचैन होणारा माणूस तो. त्याला वाक्य सापडेना.

"तुम्ही चाळीस वर्षं लग्नं लिहिलीत. मुलीचा बाप बोलायचा, भाऊ बोलायचा, तुम्ही पेनाचं टोपण उघडायचा नाहीत. म्हणायचात, तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी लिहिणार नाही. माझ्या लग्नात मला तीनदा विचारलंत. लाजेने आवाज फुटत नव्हता, तरी थांबलात. मला तेव्हा वाटलं, या घरात आपलं बरं होईल." तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "आज दुपारी एकदाही नाही विचारलंत. जिलालीभावजींनी विचारलं, इत्तोताईंनी विचारलं. तुम्ही नाही."

मला मान वर करवेना.

सी अल्लाल उठले. भिंतीला हात लावून तिच्यासमोर उभे राहिले. लग्नाच्या बैठकीत बसायचे तसे ताठ.

"तुदा," ते म्हणाले, "खडा तू घेतलास का?"

"नाही, बाबा."

"ऐकलं मी," ते म्हणाले. मग, "राहशील?"

ती वळली. आत गेली, किल्ल्यांचा जुडगा कपाटाच्या कुलपाशी ठेवून आली. "रक्तदाबाच्या गोळ्या डाव्या फळीवर आहेत. सकाळी एक, झोपताना अर्धी. अर्ध्या करून ठेवल्यात आठ दिवसांच्या. उद्या बाईंना चहाबरोबर द्यायला बदामाच्या वड्या डब्यात आहेत." ती सासऱ्यापुढे वाकली आणि त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं, सणाला घेतात तसं.

अकरा वर्षं ही मुलगी कोपऱ्यावरून पुदिना आणायला निघाली तरी "येते, बाबा" म्हणायची. मी कितीदा ऐकलंय.

"जाते, बाबा," ती म्हणाली.

सी अल्लालना तो शब्द कळला. इत्तोने तुदाचा हात धरून तिला दाराबाहेर नेलं. बसस्टँडवर की आमच्या घरी, ते मी तेव्हा विचारलं नाही. जिलालीने अडसर काढला. पेटी उचलायला बास्सू धडपडत उठला, पण ती मी आधीच उचलली होती. अकरा वर्षांची पेटी, आणि मला ती एका हाताने नेता आली.